बिन्सची युद्धनौका

नगरकरांना बूथ हॉस्पिटल ठाऊक असतं, पण हे बूथ कुठले ते सहसा ठाऊक नसतं. हॉस्पिटलला नाव मिळालं इव्हँजेलिन बूथ यांचं. त्यांचे वडील विल्यम बूथ, मुक्तिफौजेचे संस्थापक, १८२९ साली नॉटिंगहॅमच्या स्नेंटन भागात जन्मले. गहाणवटीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा पोरगा ब्रॉड स्ट्रीटवरच्या ज्या मेथडिस्ट चॅपलमध्ये धर्माकडे वळला, तिथे आज सिनेमागृह आहे. संपादकांनी मला बूथ यांच्यावर लिहायला सांगितलं होतं. मी अडकलो नॉटिंगहॅमच्याच अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनपाशी.

हॉलचा इतिहास थोडक्यात असा. १८७६ साली दारूबंदीवाल्यांनी उभारलेलं हे सभागृह पुढे मेथडिस्टांनी घेतलं. १९०६ साली ते जळालं आणि १९०९ साली पुन्हा उभं राहिलं. ऑर्गन दिला जेसी बूट यांनी. ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली दिसणारी ‘बूट्स’ ही औषधांची दुकानं त्यांचीच. (बूथ वेगळे, बूट वेगळे. माझाही आधी घोटाळा झाला होता.)

ऑर्गन घडवला लीड्सच्या जेम्स जेप्सन बिन्स यांनी. त्यांचं काम इतकं दणकट, की लोक त्यांना ‘बॅटलशिप बिन्स’ म्हणत. आपल्या डोळ्यांसमोर ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकाचा येतो, पायाने भाता मारायचा, बालगंधर्वांच्या गाण्यामागचा. तो पेटीचाच थोरला भाऊ. इथला प्रकार निराळा. इथे प्रत्येक सुराला स्वतःचा नळा, आणि तसे नळे ओळीमागून ओळी. वादकाने पट्टी दाबली की नळ्याचं तोंड थेट उघडत नाही. पट्टीखालची एक बारीक झडप हलते, वारा शिशाच्या बारीक नळीतून दूरवर जातो, तिथली चामड्याची इवलीशी भाती हलवतो, मग मोठी झडप उघडते आणि नळा बोलतो. म्हणजे वाऱ्याने वाऱ्याला निरोप द्यायचा. त्यात क्षणाचा अंश जातोच. म्हणून अशा ऑर्गनच्या वादकाला गाणाऱ्यांच्या किंचित आधी बोटं टाकावी लागतात. कानावर विसंबला तर मागे पडला.

गाणारे कोण? शहराची हार्मोनिक सोसायटी १८५६ची, आणि सुरुवातीला नावात ‘सेक्रेड’ हा शब्दही होता. गाणारे हौशी. हँडेलचं ‘मेसायाह’ १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालं आणि पुढे असल्या मंडळ्यांची जणू वारीच बनलं. आपलं समूहगान म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच चाल. यांच्यात सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार वाटा, आणि टेनरवाल्याच्या वाट्याला कधी कधी अशी ओळ येते की ती एकट्याने घरी गुणगुणली तर गाणं ओळखूही येऊ नये. स्टाफ नोटेशन न येणारे कामगार हे शिकले कसे? जॉन कर्वेन नावाच्या पाद्र्याने सुरांना डो-रे-मीची अक्षरं देऊन छापील पद्धत रूढ केली. आपल्या सारेगमचीच चुलत बहीण म्हणा.

१९८०च्या दशकात मेथडिस्टांनी हॉल सोडला. शहरात १९८२ साली रॉयल कॉन्सर्ट हॉल उघडला होताच. १९९३ साली डरहॅमच्या हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीने ऑर्गन दुरुस्त केला. आता इथे मैफली होतात, परिषदा होतात, मेजवान्या होतात. ‘मेसायाह’चे शब्द बायबलचे, तिकीट खिडकीवरचं. मग ही उपासना की कार्यक्रम? भीमसेन जोशींच्या अभंगवाणीला हाच प्रश्न विचारता येतो, आणि पंढरीच्या फडावरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. नगरच्या चर्चमध्ये नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात तेव्हा हा प्रश्नच येत नाही, कारण गाणारी मंडळीच तिथे ऐकणारी असतात. मला वाटतं, कोरसमध्ये श्रद्धा असेल तर ती तालमीत असते. दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी तीच चार पानं पुन्हा पुन्हा घोटायची, स्वतःचा आवाज शेजाऱ्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही. तिकीट काढून आलेल्याला यातलं काहीच दिसत नाही.

पण तालमीला माणसं हवीत. टेनरचा तुटवडा हे हौशी कोरसचं सगळीकडचं जुनं दुखणं. आणि युद्धनौका म्हटली तरी भात्यांचं चामडं ते चामडंच. काही दशकांनी ते कडक होतं, भेगाळतं, आणि एक भाती फुटली की एक सूर मुका. ती बदलायची तर आत शिरून, हाताने.

शिवाय हवामान. हॉल भरला, हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो. आपला पेटीवाला गायकाला पट्टी विचारतो. हा ऑर्गन कुणाला विचारत नाही, सगळ्या कोरसने त्याच्यामागे चढायचं. सूर लावायचा तो कार्यक्रमाच्या वेळच्या उष्णतेलाच लावावा लागतो. म्हणजे ऑर्गन जुळवणारा एकटा आत असताना, सगळ्या खुर्च्या रिकाम्या असताना, आख्खा हॉल तापवून ठेवायचा. आणि इंग्लंडातली थंडी पाहता त्याचं बिल काही थोडं येत नाही.