तापाची नोंद घाट कशी ओलांडते

खंडाळ्याचा घाट उतरला की जिल्हा बदलतो. वर पुणे, खाली खोपोलीला रायगड. तापाच्या रुग्णांची कागदावरची आकडेवारी वरून वडगाव मावळमार्गे पुण्याला जायची आणि खालून अलिबागला. डासाला अर्थातच जिल्ह्याची हद्द कळत नाही.

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम, म्हणजे आयडीएसपी, २००४ साली सुरू झाला तो तीन फॉर्मवर. आरोग्यसेविकेला गृहभेटीत ताप, जुलाब किंवा कावीळ आढळली, की तिची नोंद ‘एस’मध्ये, हा नुसता संशय. डॉक्टरांनी तपासून ‘डेंग्यू असावा’ म्हटले, की ‘पी’. रक्ततपासणीने ते पक्के केले, की ‘एल’. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून बेरीज वर जायची. एकही रुग्ण नसेल तरी शून्य लिहायचे, कारण कोरा रकाना पाहून रुग्ण नव्हते की फॉर्मच भरला नाही, हे वरच्याला कळत नाही. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

मात्र बेरजेत माणूस हरवतो. ‘ताप : ९’ यावरून ते नऊ जण एकाच वाडीतले की नऊ गावांतले, हे समजत नाही. एप्रिल २०२१ मध्ये देशभर आलेल्या आयएचआयपी या ऑनलाइन प्रणालीत म्हणून प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद होते: वय, लक्षणे, तारीख, राहण्याचे ठिकाण. खंडाळ्यात हे शेवटचे फार महत्त्वाचे. शनिवारी बंगल्यावर आलेला ठाण्याचा पाहुणा रविवारी तापाने फणफणला आणि लोणावळ्यात दाखवला, तर डास बहुधा ठाण्यातच चावलेला असतो. डेंग्यूचा ताप चढायला चावल्यापासून साधारण चार ते दहा दिवस लागतात. पत्ता नीट भरला, तर फवारणी योग्य गल्लीत होते. आळसाने ‘खंडाळा’ टाकले, तर संगणक तीच चूक झपाट्याने दिल्लीपर्यंत पोचवतो.

आकडे जमले म्हणजे उलगडा झाला, असेही नाही. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तापाचे रुग्ण वाढले. आधी पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले. तिघांना चिकनगुनिया निघाला. तिथेच थांबता आले असते. पण संस्थेचे पथक गावात गेले, आणखी ४१ नमुने घेतले, आणि चिकनगुनिया-डेंग्यूच्या गर्दीत एक झिकाचा रुग्ण सापडला, महाराष्ट्रातला पहिला. कुठे बघायचे ते आकड्यांवरून ठरते. गावात जाऊन रक्त घ्यायला माणूसच लागतो.

आणि माहिती परत खालीही यायला हवी. कुठल्या भागात ताप वाढतोय हे सेविकेला वेळेत समजले, तर ती त्याच घरांतली पिंपे आणि टाक्या आधी तपासते. खंडाळ्यात अडचण वेगळीच: बंगले आठवडाभर कुलपात. ‘घर बंद’ हीदेखील एक नोंदच आहे, आणि ती यादी घेऊन फिरायचे तर शनिवारीच.