बंदुकीआधीची शिकार

शिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदूक येते. जुन्या संस्थानी फोटोंत तर बंदूक, मिशा आणि पायाशी पडलेले जनावर एवढेच दिसते. पण गोळी हा शिकारीचा अगदी शेवटचा क्षण. खरी शिकार व्हायची ती त्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत. ती कशी आखली जायची, ते आज सांगणार आहे. शिकार पुन्हा सुरू व्हावी म्हणून नव्हे, तर त्या आखणीत जे शहाणपण होते त्याची आज वेगळ्याच कामासाठी गरज पडली आहे म्हणून.

माझे गाव उंब्रज. तारळी जिथे कृष्णेला मिळते तिथले. गावात उभे राहून पश्चिमेला पाहिले तर चाफळ-पाटणचे डोंगर दिसतात. तो सांबर-भेकरांचा मुलूख. पूर्वेला गेले की खटाव-माणचा उघडा माळ लागतो. तो काळवीट आणि चिंकाऱ्यांचा. आपण या सगळ्यांना सरसकट हरीण म्हणतो, पण ही दोन वेगळी कुळे आहेत. सांबर, चितळ, भेकर हे सारंग कुळातले. त्यांच्या नरांची शिंगे भरीव असतात, गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा हे कुरंग. त्यांची शिंगे आतून पोकळ, हाडाच्या खुंटावर बसलेली आणि जन्मभराची. सांबर दाट रानात लपते, काळवीट उघड्या माळावर डोळ्यांच्या आणि पायांच्या जोरावर जगते. शिकारीची सारी आखणी या एका फरकावर ठरायची.

रानातल्या सांबरासाठी हाका. हाक्याचा बेत शिकारी नव्हे, गुराखी, धनगर, कातकरी, रामोशी, पारधी ही मंडळी ठरवत. पाऊस संपून गवत वाळले, पाने झडली की रान आतपर्यंत दिसू लागते. फाल्गुन-चैत्रात पाणवठे आटतात आणि जनावर मोजक्या पाण्यावर येते. तिथे खुरांचे ठसे पाहायचे, लेंड्या ताज्या की शिळ्या ते पाहायचे, शिंगे घासून सोललेली खोडे शोधायची. दिवसा जनावर कुठल्या घळीत बसते आणि उठवले तर कुठल्या वाटेने पळते, एवढे कळले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे वाऱ्याचे. सांबराचे नाक आणि कान फार तिखट. चिमूटभर माती हातातून सोडून वारा पाहायचा आणि मचाण अशा जागी बांधायचे, की माणसाचा वास जनावराकडे जाणार नाही. मग हाकाऱ्यांची रांग एका बाजूने डबे वाजवत निघायची. रांगेच्या दोन्ही अंगांना झाडांवर माणसे गप्प बसवलेली असत. जनावर बाजूला वळू लागले, की ती खोडावर हलकेच टकटक करत. तेवढ्याने ते पुन्हा वाटेला लागे. हाकाऱ्यांच्या दिशेने गोळी झाडायची नाही आणि हाका संपेपर्यंत मचाणावरून उतरायचे नाही, हा नियम. तो मोडला तर जीव जायचा तो हाकाऱ्याचा. फोटोत मात्र हाकारी क्वचितच दिसतो.

माळावरच्या काळविटाला हाक्याचा उपयोग नाही. तिथे कोल्हापूर दरबाराने चित्ता वापरला. आपल्याकडचे चित्ते विरळ झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीतून माळावर नेत. बैलगाडी, घोडागाडी रोजच्या पाहण्यातली असल्याने कळप तिला फारसा बिचकत नसे. पुरेसे जवळ गेले की टोपी काढायची. चित्त्याचा दम थोडा. काही शे मीटरांत काळवीट सापडले नाही तर तो धाव सोडून बसतो. म्हणून कुठे सोडायचे हे चित्तेवानाने ठरवायचे. शिकार पकडली की तोच धावत जाऊन जनावर हलाल करी आणि लाकडी पळीत रक्त घेऊन चित्त्यापुढे धरी, तेव्हा कुठे चित्ता पकड सोडी. चित्तेवानांत आमच्या मुसलमान समाजातली घराणी होती, तशी चित्तेपारध्यांची जमातही होती. शिकार हा शब्दच फारसीतून आला आणि मराठीत असा मुरला, की तो आपला नाही असे कुणाला वाटत नाही. आम्ही गझल लिहिणारे तर हरणाचे आणखी जवळचे. अरबीत हरणाला 'ग़ज़ाल' म्हणतात.

या आखणीचे अफाट रूप म्हणजे मोगलांची कमरगाह. हजारो माणसांचे कडे दिवसेंदिवस आवळत आणून जनावरे मधोमध कोंडायची. १५७८ साली पंजाबात भेरा इथे अकबराने असे कडे जुळत आले असताना एकाएकी शिकार थांबवली आणि सारी जनावरे सोडून द्यायला लावली. बेत पुरा होत असताना हात आवरणे हे बादशहालाही एकदाच सुचले असेल, पण सुचले.

आपल्याला ते कायद्याने शिकवले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आज काळवीट मारले तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायदा हवाच होता. पण बंदुकीबरोबर माग काढणारी नजरही निकामी ठरली. ज्या पारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवले आणि शाहू महाराजांनी जवळ करून नोकऱ्या दिल्या, त्यांची विद्या फारशी कुणी लिहून घेतली नाही.

आता ती हवी आहे. उंब्रजहून फार दूर नाही ते सागरेश्वर पाहा. देवराष्ट्रेजवळच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून झाडी उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. हरणे वाढली आणि कुंपणाबाहेर पडून ऊस, द्राक्षे, शाळू खाऊ लागली. रात्रभर राखण करून सकाळी आडवे झालेले पीक पाहणारा शेतकरी चिडून म्हणतो, मारायला परवानगी द्या. त्याचा राग खोटा नाही. भरपाईच्या कागदाने पीक परत येत नाही. आणि तिकडे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ टिकायचा तर त्याला सांबर-चितळ हवेतच. इथे जादा, तिथे उणे.

यावर एक उपाय आहे आणि तो चक्क हाकाच आहे. आफ्रिकेतून आलेल्या या पद्धतीला 'बोमा' म्हणतात. नरसाळ्यासारखे निमुळते होत जाणारे आडोसे उभारायचे, ते गवताने, कापडाने झाकायचे, टोकाला मालमोटार. कळप न दुखावता हळूहळू आत घ्यायचा. कान्हातले बारशिंगे असेच सातपुड्यात नेले. २०२५ साली मध्य प्रदेशात शाजापूरकडे पिके खाणारी काळविटे हेलिकॉप्टरने वळवून बोमात घेतली. पण हेलिकॉप्टर असले तरी प्रश्न जुनेच असतात. कळप कुठे बसतो, पाण्यावर केव्हा येतो, वारा कुठला, बिथरला तर कुठल्या वाटेने पळेल? हरीण घाबरून धडकले तर मान मोडून मरते. म्हणजे इथेही आखणी चुकली की जीव जातो.

व्यंकटेश माडगूळकर मूळचे आपल्या आटपाडीकडचे. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता. पुढे ते नागझिऱ्याच्या जंगलात बंदुकीशिवाय जाऊन राहिले आणि तीच शिकाऱ्याची नजर त्यांच्या लेखणीत उतरली. प्रत्येकाला लिहिता येईल असे नाही. पण माळावरचा धनगर, डोंगरातला कातकरी, वेशीबाहेरचा पारधी यांच्या म्हाताऱ्यांकडे अजून काही माग शिल्लक आहे. वनखात्याने पुढच्या वेळी सागरेश्वरची हरणे धरायला जाताना नकाशाबरोबर अशी दोन माणसे सोबत घ्यावीत, त्यांना रोजगार द्यावा आणि अहवालात त्यांची नावेही लिहावीत. जुन्या फोटोत ती राहून गेली होती.