शिळे पाणी, गळका पाईप आणि आपले आरोग्य

नळाला पाणी आले की आपल्या वस्त्यांमध्ये दोन कामे एकदमच सुरू होतात. हंडे, कळश्या, पिंप भरायचे आणि कालचे उरलेले पाणी मोरीत ओतून द्यायचे. कारण काय, तर ते ‘शिळे’ झाले. पण पाणी भाकरी-भाजीसारखे एका रात्रीत शिळे होत नाही. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले चांगले पाणी दुसऱ्या दिवशीही पिण्याजोगे असते. पाणी खराब होते ते त्यात हात बुडवल्याने, झाकण उघडे राहिल्याने आणि भांडे न घासल्याने. एका हंड्यात साधारण १५ लिटर पाणी मावते असे धरा. रोज दोन हंडे ओतले तर महिन्याला ९०० लिटर पाणी गटारात जाते. प्यायला नको वाटत असेल, तर ते कपड्यांना, भांड्यांना, संडासाला वापरा.

पाणी जपायचे का, हे समजायला ते येते कुठून हे पाहू. महाराष्ट्रात पाऊस मुख्यतः चार महिने पडतो आणि त्यावर बारा महिने काढायचे असतात. राज्याच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे. या खडकात पाणी फारसे मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा छोटा असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि मग बोअर आणखी खोल जातात. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात बराच काळ राहिलेले असते. काही ठिकाणी त्यात फ्लोराईड जास्त उतरते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. पाण्याचा साठा संपतो तेव्हा पाणी नुसते कमी होत नाही, उरलेले पाणीही बिघडू शकते, ते असे.

साठा पूर्ण आटला की काय होते हे लातूरने २०१६ साली पाहिले. एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी होते.

आता आपल्या गल्लीतल्या पाईपाकडे या. बहुतेक वस्त्यांना दिवसातून तास-दोन तास पाणी येते. पाणी चालू असते तेव्हा दाबामुळे ते गळक्या जागेतून बाहेर पडते. पाणी बंद झाले की पाईपातला दाब जातो आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाईप गटारीतून गेला असेल तर गटारीचेच पाणी आत येते. कोणी थेट लाईनला मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणजे जिथून पाणी वाया जाते, तिथूनच हगवण, विषमज्वर आणि कावीळ घरात येते. दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गळती बुजवणे हे पाणी वाचवण्याचे काम आहे, तितकेच ते बाळंतिणीला वाचवण्याचे काम आहे.

पाण्याचा भरवसा नसला की माणूस साठवून ठेवतो. उघड्या पिंपात डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो. पण त्या दिवशी पाणी ओतून टाकायची गरज नाही. आदल्या दिवसापासून ते धुण्या-पुसण्यात संपवत आणा आणि रिकामे पिंप आतून घासा. घासणे महत्त्वाचे आहे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही अनेक महिने जिवंत राहतात.

आम्ही वस्तीत तपासणीला जातो तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. पाणी कमी असले की बाया स्वतः कमी पाणी पितात. संडास लांब असेल तर त्याहूनही कमी. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा मागे लागतो. मायबहिणींनो, ही बचत नव्हे. पिण्याचे पाणी, संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुण्याचे पाणी, बाळाच्या स्वच्छतेचे आणि पाळीच्या दिवसांतले पाणी, यात काटकसर कधीच करायची नाही.

मग वाचवायचे कुठे? कपड्यांचे शेवटचे खळबळलेले पाणी संडासात वापरता येते. तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी झाडांना घालता येते. घरात आरओ मशीन असेल तर ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते बादलीत धरून फरशी पुसा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी घालवतो, त्याचा वायसर बदला. आणि पाऊस धरा. २०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे १८० लिटर पाणी येते, म्हणजे जवळपास एक ड्रम. पहिल्या पावसाचे पाणी वाहू द्या. नंतरचे झाकून साठवा आणि धुण्या-भांड्याला वापरा, प्यायला नको.

आता हिशेबाचे बोलू. भारतात जमिनीतून उपसलेल्या पाण्याच्या दहापैकी आठ-नऊ वाटे शेतीला जातात. आपल्या राज्यात थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो. शहरातल्या घरासाठी माणशी रोज १३५ लिटरचे माप धरले जाते, तर सार्वजनिक नळावर जगणाऱ्यांसाठी ४० लिटरचे. त्यामुळे वस्तीतल्या बाईने बादली वाचवली की दुष्काळ हटेल, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. आपण पाणी जपायचे ते आपल्या आरोग्यासाठी. आणि ज्यांच्याकडे जास्त जाते त्यांच्याकडे हिशेब मागायचा तो हक्कासाठी. दोन्ही कामे सोबत चालली पाहिजेत.

हा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. ते तळे नगरपालिकेने आधीच कागदावर सर्वांना खुले केले होते, तरी पाण्यापर्यंत हात पोचत नव्हता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदी-नियोजनात लक्ष घातले. पाणी सर्वांचे आहे आणि त्याचे नियोजनही सर्वांसाठी व्हावे, ही एकच वाट आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही.

या महिन्यात प्रत्येक गल्लीने एवढे करावे. पाणी येते त्या वेळी दोघी-तिघींनी पाईपाच्या कडेने फिरून गळती कुठे आहे, पाईप गटारीतून कुठे जातो, हे वहीत लिहावे. त्याचा अर्ज वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. सार्वजनिक नळाच्या पाण्याची तपासणी मागावी. ही तपासणी मागणे हा आपला हक्क आहे. तोवर पिण्याचे पाणी उकळा, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबा. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवा. घरात कोणाला जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहा. बाळ निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.