ऑपरेशन मोफत झाले; अकराव्या दिवशी काय?

पिशोरच्या रुग्णाला मोठ्या ऑपरेशनसाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराचे पॅकेज ठरलेले असते. पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. १ जुलै २०२४ पासून हे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे.

पण रुग्ण ठणठणीत झाला काय, पुन्हा दाखल झाला काय, रक्कम तीच. मग चांगल्या उपचाराचे बक्षीस कुठे?

राज्यात या योजनेसोबतच चालणाऱ्या आयुष्मान भारतमध्ये 'एनएबीएच'चे पूर्ण मानांकन असलेल्या रुग्णालयाला पॅकेजवर १५ टक्के, प्राथमिक मानांकनाला १० टक्के जादा देण्याची तरतूद झाली. मानांकन म्हणजे मुख्यतः रुग्णालयातील व्यवस्था; घरी गेलेल्या माणसाचे काय? म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने पाच निकष मांडले: रुग्णाचे समाधान, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण, खिशातून झालेला खर्च, सिद्ध झालेल्या तक्रारी आणि तब्येतीतील सुधारणा.

यातले समाधान आणि खिशातून झालेला खर्च तरी रुग्णाने सांगितल्याशिवाय नीट कळणार नाहीत. त्यामुळे योजनेचा फोन आला तर 'सगळं ठीक' म्हणून ठेवून देऊ नका.

फुले योजनेच्या पॅकेजमध्ये सुटीनंतर १० दिवसांची औषधे आणि तपासणी धरलेली असते. त्यापुढचा फॉलोअप ठराविक उपचारांनाच मिळतो. आपला उपचार त्यात आहे का, हे सुटी घेतानाच आरोग्यमित्राला विचारा. गावातल्या डॉक्टरांना दाखवायला डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पैसे मागितले तर पावती घ्या आणि १५५३८८ वर तक्रार करा.