जो ओरडत नाही, तो आधी!

शुक्रवारची रात्र, प्रोजेक्ट लाइव्ह गेल्याची पार्टी. आमचा एक टीममेट सोफ्यावर आडवा झाला. 'आउट झालाय, झोपू दे रे,' म्हणत आम्ही त्याचे फोटो काढले. (हो, काढले.) नंतर एकीने त्याला हलवलं, चिमटा काढला. हूं नाही की चूं नाही. घशातून नुसती घरघर. तिथे आमच्या सगळ्यांचीच उतरली.

कॅज्युअल्टीत ही गर्दी! हात मोडलेला एक बाइकवाला जोरजोरात ओरडत होता. मला वाटलं, दारू प्यायलेल्याला कोण विचारतंय, बसवतील शेवटी. पण सिस्टरनी एक नजर टाकली आणि स्ट्रेचर सरळ आत. बाइकवाल्याचा भाऊ भडकला, 'दारुड्याला आधी?' सिस्टर शांतपणे म्हणाल्या, 'तुमचा पेशंट ओरडतोय ना? मग त्याचा श्वास चालू आहे.'

यालाच म्हणतात ट्राएज. इथे आधी कोण आलं ते बघत नाहीत, कोण आधी दगावेल ते बघतात. शुद्ध मोजायला ग्लासगो कोमा स्केल असतं, १९७४ पासूनचं. डोळे, बोलणं, हालचाल मिळून ३ ते १५ मार्क. ८ किंवा कमी म्हणजे धोका. जीभ मागे पडून श्वास अडकतो, उलटी फुफ्फुसात जाते.

'दारूचा वास म्हणजे निदान नव्हे,' डॉक्टर म्हणाले. त्या वासाखाली डोक्याचा मार, फिट, झोपेच्या गोळ्या, काहीही लपलेलं असू शकतं. म्हणून बोटाला टोचून आधी शुगर बघितली. ३८! उपाशीपोटी दारू घेतली की लिव्हरचं साखर बनवायचं काम मंदावतं. आणि रिलीजच्या गडबडीत साहेब दिवसभर चहावर होते.

'पडला होता का? केव्हापासून असा आहे?' आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी फोटोवरची वेळ बघून सांगितलं. पाऊण तास! तेवढ्यात त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन लावता आला असता. आम्ही मात्र कॉफी पाजायचा विचार करत होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, हेही तिथेच कळलं.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. तरी सकाळपर्यंत सोडलं नाही, दर तासाला शुगर. बाहेर आलो तर बाइकवाला प्लास्टर मिरवत चहा पीत होता. भावाने विचारलं, 'शुद्धीवर आला का तुमचा?'