बोरघाट कोण सांभाळतं?

पुण्याकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. फलाटावर वडापावची गडबड चालू असताना हे काम उरकतं. ही ‘बँकर’ इंजिनं लागतात, कारण पुढचा बोरघाट ३७ फुटांना एक फूट चढतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले. पुढचं काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांच्या कंत्राटाखाली झालं. १८६१ मध्ये इथे ४२ हजारांवर मजूर राबत होते. कॉलरा, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले हजारो गेले. गाडी सुरू होऊन चार वर्षं होतात तोच, १८६७ च्या पावसाळ्यात, घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. घाट बांधून झाला तरी त्याला रोज सांभाळावं लागतं, हे तेव्हाच कळून चुकलं.

हे रोजचं काम गँगमनचं. कागदोपत्री त्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. गँगमधला की-मन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासतो. सैल क्लिप हातोड्याने बसवतो, बोल्ट आवळतो, वेल्डमधली चीर शोधतो. मुकादम वाकून रुळाची ओळ नजरेने पाहतो. स्लीपरखालची खडी दबली असेल, तर गँग ती ठासून भरते. घाटातल्या वळणांवर रूळ झिजतो लवकर, म्हणून इथे नजर जास्त लागते. रूळ तुटलेला दिसलाच, तर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर बसवून येणारी गाडी थांबवायची असते. हे अंतर की-मनला धावत गाठावं लागतं.

पावसाळ्यापूर्वी डोंगरात गँग चढते आणि सुटायला आलेल्या दरडी मुद्दाम खाली पाडते. कड्यांवर जाळ्या बसतात, रात्रंदिवस गस्त चालते. तरीही २०१९ च्या पावसाने मंकी हिल आणि नागनाथ यांच्या दरम्यान मार्गाचं इतकं नुकसान केलं की दुरुस्तीसाठी पुढे कित्येक महिने गाड्या रद्द कराव्या लागल्या किंवा वळवाव्या लागल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. इथले उतार किती बेभरवशाचे आहेत, हे त्या रात्रीने साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं.

मग या कामाला पैसा आणि वेळ किती मिळतो? डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये आणि रेल्वे मंडळापासून स्वतंत्र असं सुरक्षा प्राधिकरण मागितलं. सुरक्षेसाठीचा निधी २०१७ मध्ये जाहीर झाला. महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात त्याचा हिशोब मांडला. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून २० हजार कोटी घालायचे होते, त्यांतले १५,७७५ कोटी आलेच नाहीत. रूळ बदलण्याची तरतूद २०१८-१९ मधल्या ९,६०७ कोटींवरून पुढच्या वर्षी ७,४१७ कोटींवर आली. त्याच चार वर्षांतल्या २१७ मोठ्या अपघातांपैकी १६३ वेळा गाडी रुळावरून घसरली होती.

वेळेची ओढाताण तर रोजचीच आहे. रूळ बदलायचा तर ब्लॉक हवा, म्हणजे काही तास मार्ग बंद हवा, आणि ब्लॉक म्हणजे गाड्या रद्द. गाडी वाढवा, थांबा द्या, अशी निवेदनं प्रत्येक पुढारी देतो. देखभालीसाठी ब्लॉक द्या, असं निवेदन कोणी देत नाही. नवा पनवेल-कर्जत मार्ग आणि त्यावरचा वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा यांच्या बातम्या येतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण नव्या मार्गाबरोबर नवी गँगही लागते. तिची पदं भरली का, याची बातमी होत नाही.

कर्जत-खालापूरच्या प्रवासी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी आता तीन प्रश्न लावून धरावेत: घाटात गँगमनची किती पदं रिकामी आहेत, ठरलेल्या ब्लॉकपैकी किती मिळाले आणि यंदा किती रूळ बदलले? उत्तरं दर वर्षी स्टेशनात फलकावर लागली पाहिजेत. आणि ब्लॉकमुळे गाडी रद्द झाली, तर तो वेळ आपल्याच जिवासाठी दिला आहे, हे आपण प्रवाशांनीही मान्य करायला हवं.