लेखांक ७ : डासांची वेळ आणि पांडेसऱ्याची पाळी

गेल्या लेखांकात शेतातल्या किडी पाहिल्या; आज शहराकडे वळू, पण त्याआधी एक जुना प्रयोग पाहू. जिनिव्हाच्या शार्ल बॉने याने १७४५ साली कीटकांवरचा आपला ग्रंथ ‘इन्सेक्टॉलॉजी’ या आज जवळपास विस्मृतीत गेलेल्या नावाखाली प्रसिद्ध केला. १७४० मध्ये, ऐन विशीत, त्याने माव्याची एक मादी जन्मापासून एकटी ठेवली, तिच्यावर सतत पहारा ठेवला आणि नराशी संबंध न येताही तिला पिले होतात हे दाखवून दिले. कीटकशास्त्राची खरी शिस्त तीच आहे : ‘किडे’ असा घाऊक विचार न करता एका जातीचे आयुष्य नीट पाहणे. शहराच्या आरोग्यासाठी ही शिस्त औषधाच्या डब्याइतकीच गरजेची आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्लेगचा इतिहास याची साक्ष देतो. हा रोग उंदरांकडून माणसांकडे पिसवा नेतात, हे पॉल-लुई सिमोंद याने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. पण पिसवाही सारख्या नसतात. मुंबईला प्लेगने पोळून काढले, मद्रासला त्याची झळ त्या मानाने फार थोडी बसली. पुढे हर्स्ट आणि क्रॅग या संशोधकांच्या अभ्यासातून या फरकाचे एक मोठे कारण पुढे आले : प्लेग जोमाने पसरवणारी झेनोप्सिला चिओपिस ही पिसू मुंबईत भरपूर होती, तर मद्रासमध्ये त्या कामी दुबळ्या झेनोप्सिला ॲस्टियाचे प्राबल्य होते. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचा प्लेग दिसला, तो पिसवांच्या वाटेने येणारा. त्याच वर्षी सप्टेंबरात सुरतेत आला तो फुफ्फुसाचा. तो खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. रोग एकच, पण एका ठिकाणी पिसू रोखायची आणि दुसऱ्या ठिकाणी रुग्ण वेगळा ठेवायचा.

आता पांडेसऱ्याकडे पाहा. सुरतेच्या दक्षिणेकडील या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत, आणि आसपासच्या वस्त्यांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार राहतात. इथे तीन डास तीन वेगळ्या वाटांनी येतात. हिवतापाचा ॲनोफिलीस स्टीफन्सी गच्चीवरच्या उघड्या टाकीत आणि बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, चावतो संध्याकाळनंतर. डेंगीचा एडिस इजिप्ती पिंप, टायर, कूलर यांत वाढतो आणि दिवसा चावतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स गटारातल्या घाण पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. रातपाळीचा कामगार सकाळी खोलीवर येऊन झोपतो, म्हणजे नेमका एडिसच्या वेळेला. आणि ॲनोफिलीसच्या वेळेला तो मच्छरदाणीपासून दूर, कारखान्यात उभा असतो. ‘रात्री मच्छरदाणी लावा’ हा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला मच्छरदाणी दिवसा हवी, आणि रात्रीच्या बचावासाठी गिरणीच्या आवारातल्या टाक्या झाकलेल्या हव्यात.

यावर कोणी म्हणेल, तापाने फणफणलेल्या वस्तीत जातींची नावे कशाला? धुराची गाडी फिरवली की सगळेच डास मरतात. मरतात ते त्या घटकेला धुराच्या वाटेत आलेले. एडिस बहुधा घरात, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो, आणि पाण्यातल्या अळीला धुराचे काहीच वाटत नाही. उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत नवी फौज तयार होते. साथ भडकलेली असताना धुराला जागा आहे, पण त्याच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर भाडेकरू पिंप भरून ठेवणारच, त्याला दोष का द्यायचा? दोष देऊ नयेच. खोलीमालकाने टाकीला घट्ट झाकण द्यावे, कारखानदाराने आवारात पाणी साचू देऊ नये आणि महापालिकेने दोघांचीही तपासणी करावी. कीटकशास्त्र इथे जबाबदारी कोणाची तेही सांगते, कारण डास कुठे जन्मला हे ते सांगते.

सामान्य माणसाला ही ओळख जमेल का? लॅटिन नावे पाठ करण्याची गरज नाही. भिंतीवर शेपूट वर करून तिरका बसतो तो ॲनोफिलीस. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात तो एडिस. पाठीला पोक काढून, पण पोट भिंतीला समांतर ठेवून बसतो तो मातकट क्युलेक्स. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून पिंप नुसते ओतून चालत नाही, आतून घासावे लागते. आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून, वाळवून पुन्हा भरा, आणि रातपाळीहून आलेल्या माणसाच्या अंथरुणावर भर दुपारी मच्छरदाणी बांधा.